स्वर्गाची गाणी गाणारी महेलिया

पाश्चात्त्य संगीत म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकतर बीथोवन-मोझार्ट उभे राहतात, नाहीतर गिटार घेऊन घसा ताणणारी तरुण मंडळी. या दोहोंखेरीज एक तिसरा मोठा प्रवाह आहे आणि त्याच्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. तो प्रवाह म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती समाजाचे भक्तिसंगीत. त्याला ‘गॉस्पेल’ म्हणतात. गॉस्पेल म्हणजे शुभवर्तमान. या संगीतातले सर्वांत मोठे नाव महेलिया जॅक्सन हिचे. ती गेली त्याला आता अर्धशतक उलटून गेले. परंतु तिच्या तबकड्या अजून वाजतात, आणि त्या ऐकताना एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. तिने आयुष्यभर जी गाणी गायिली त्यांतली कितीतरी स्वर्गाविषयीची आहेत. मेल्यावर सुख मिळेल, अश्रू पुसले जातील, आई भेटेल, पायांत जोडे आणि अंगावर शुभ्र झगा येईल, अशी ती गाणी. ज्या समाजाला या जगात माणूस म्हणून जगू दिले जात नव्हते त्या समाजाला असे परलोकाचे गाणे ऐकवणे म्हणजे त्याला गुंगी देणे नव्हे काय? धर्माला अफू म्हणणाऱ्यांचे उत्तर ठरलेले आहे. महेलियाचे आयुष्य पाहिले म्हणजे मात्र ते उत्तर इतके सोपे राहत नाही.

या गाण्यांचा उगम गुलामगिरीत आहे. कापसाच्या आणि उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना बायबलातील कथा ऐकून ठाऊक होत्या. इजिप्तमधून सुटलेले इस्राएल लोक, यार्देन नदी, पलीकडचा कनान देश यांवर त्यांनी गाणी रचली. त्यांना ‘स्पिरिच्युअल्स’ म्हणतात. मालकाला वाटे, हे बिचारे स्वर्गाचे गाणे म्हणत आहेत. गाणाऱ्याच्या मनात पुष्कळदा निराळेच असे. स्वतः गुलामगिरीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लसने आपल्या आत्मचरित्रात सांगून ठेवले आहे की, ते कनानची गाणी म्हणत तेव्हा कनान म्हणजे उत्तरेकडचा मुक्त प्रदेश असा अर्थ त्यांच्या मनात असे. एकाच शब्दात दोन स्वर्ग, एक मेल्यावरचा आणि एक पळून गेल्यावरचा. आपल्या संतांच्या अभंगातही माहेर, पंढरी, वैकुंठ असे शब्द एकमेकांत मिसळून येतात, म्हणून मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. गुलामगिरी संपल्यावर १८७१ पासून फिस्क विद्यापीठाच्या ‘ज्युबिली सिंगर्स’नी ही गाणी गावोगाव आणि पुढे युरोपातही नेली. १९०९ साली व्हिक्टर कंपनीने त्यांच्या चौघांच्या गटाचे ध्वनिमुद्रणही केले. पण ते गाणे सभागृहात शोभावे असे घासूनपुसून गुळगुळीत केलेले होते. महेलियाच्या गळ्यातून जे आले ते तसे नव्हते.

तिचा जन्म २६ ऑक्टोबर १९११ रोजी लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहरी झाला. एका बाजूला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला मिसिसिपी नदीचा बांध, आणि मधल्या वस्तीत तीन खोल्यांचे घर. त्या तीन खोल्यांत तेरा माणसे आणि एक कुत्रा राहत. आईकडचे आजी-आजोबा गुलामगिरीत वाढलेले. बाप आठवडाभर गोदीत हमाली करी, संध्याकाळी लोकांचे केस कापी आणि रविवारी चर्चमध्ये उपदेश करी. मुलीचे पाय जन्मतःच वाकडे होते. मुलगी पाच-सहा वर्षांची झाली असेल-नसेल तोच आई वारली. बापाने मुलीला मेहुणीच्या पदरात घातले. या मावशीचेही नाव महाला, सगळे तिला ‘आंट ड्यूक’ म्हणत. भाचीचे नाव तिच्यावरूनच ठेवलेले. नावात एक अक्षर वाढवून ‘महेलिया’ हे तिने मोठेपणी केले.

मावशी कडक होती. घरात झाडलोट, फरशी घासणे, नदीत वाहून आलेली लाकडे जळणासाठी गोळा करणे ही कामे मुलीच्या वाट्याला आली आणि चौथ्या इयत्तेच्या आसपास शाळा सुटली. मावशीच्या घरात ऐहिक गाण्याला मज्जाव होता. रविवारीच काय, आठवड्यातल्या इतर दिवशीही चर्च. माउंट मोरिया बॅप्टिस्ट चर्चच्या बालगायकवृंदात ती गाऊ लागली. या चर्चमध्ये गाण्याची एक जुनी पद्धत होती. पुढारी स्तोत्राची एक ओळ म्हणून दाखवी आणि मग सगळा समुदाय ती ओळ सावकाश, तालाच्या बंधनात न अडकता, एकेका अक्षरावर स्वर लांबवीत, वळवीत म्हणे. लिहितावाचता न येणाऱ्यांसाठी निघालेली ही सोय, पण तिच्यातून गायकीचा एक ढंगच तयार झाला. आपल्याकडच्या आलापीशी त्याचे नाते जोडणे धाडसाचे होईल. तरी एका अक्षरात पुष्कळ स्वर मावतात हे ज्याने अभंगगायनात ऐकले आहे त्याला महेलियाचे संथ गाणे परके वाटणार नाही.

तिच्या घराशेजारीच आणखी एक लहानसे चर्च होते. ते ‘सँक्टिफाइड’ पंथाचे. तिथे ऑर्गन नव्हता. ढोल, झांजा, खंजिरी आणि लोकांचे पाय हीच वाद्ये. सगळे अंगात आल्यासारखे टाळ्या पिटत गात. महेलिया बॅप्टिस्ट होती, त्या पंथाची नव्हती. पण भिंतीपलीकडून येणारा तो ठेका तिच्यात जो शिरला तो कायमचा. तिसरी गोष्ट म्हणजे ब्लूज. तिच्या एका मावसभावाकडे बेसी स्मिथच्या तबकड्या होत्या. मावशी कामावर गेली की मुलगी त्या लावी आणि फरशी घासता घासता तसा आवाज काढून पाही. म्हणजे देवाचे गाणे गाणाऱ्या या बाईचा एक गुरू मावशीने घरात येऊ न दिलेला होता! पुढे ब्लूज गाण्यासाठी तिला कितीतरी आमिषे दाखवण्यात आली. ती तिने एकूणएक नाकारली. पण बेसी स्मिथचे ऋण तिने कधी नाकारले नाही.

दक्षिणेतल्या जाचाला कंटाळून त्या काळात लक्षावधी कृष्णवर्णीय लोक उत्तरेकडच्या कारखान्यांच्या शहरांत गेले. १९२७ च्या सुमारास सोळा वर्षांची महेलिया आपल्या दुसऱ्या एका मावशीबरोबर शिकागोला आली. परिचारिका होण्याचे मनात होते. प्रत्यक्षात लोकांचे कपडे धुण्याचे आणि घरकामाचे काम मिळाले. ग्रेटर सेलम बॅप्टिस्ट चर्चच्या गायकवृंदात पहिल्यांदा गेली तेव्हा तिने गॅब्रिएल देवदूताच्या रुपेरी तुतारीचे गाणे म्हटले आणि तिला ताबडतोब एकल गायिका करण्यात आले. चर्चमधल्याच तरुणांनी काढलेल्या ‘जॉन्सन सिंगर्स’ या लहानशा मंडळात ती सामील झाली. पण सगळ्या चर्चांनी तिला डोक्यावर घेतले असे समजू नये. शिकागोत आधीपासून स्थायिक झालेल्या सुस्थितीतल्या कृष्णवर्णीयांना दक्षिणेतून आलेल्या या आरडाओरड्याची, हातवाऱ्यांची, डोलण्याची लाज वाटे. गोऱ्यांच्या चर्चसारखे गंभीर आणि नीटनेटके गाणे त्यांना हवे होते. एका पाळकाने व्यासपीठावरून तिच्या गाण्याची निंदा केली तेव्हा, टाळ्या वाजवून देवाचे स्तवन करा हे स्तोत्रसंहितेतच सांगितले आहे, असे तिने तिथल्या तिथे ऐकवले.

१९३२ च्या सुमारास ती गाणे शिकण्यासाठी एका कृष्णवर्णीय शिक्षकाकडे गेली. तो सभागृहातील शास्त्रोक्त गायन शिकवणारा. त्याने तिला सांगितले की हे ओरडणे बंद कर, याने आपल्या समाजाला कमीपणा येतो. एका शिकवणीचे चार डॉलर मोजून ती बाहेर पडली आणि पुन्हा कधी कुणाकडे शिकायला गेली नाही. या प्रसंगात शिक्षकाला मूर्ख ठरवणे सोपे आहे. मला तसे वाटत नाही. ज्यांना पदोपदी हीन लेखले जाते अशांपैकी जो थोडा वर चढतो त्याला आपल्याच लोकांच्या भाषेची, पेहरावाची, गाण्याची लाज वाटू लागते, आणि त्या लाजेत अपमानाचा इतिहास असतो. आपल्या समाजात ही उदाहरणे शोधायला लांब जावे लागणार नाही.

याच काळात थॉमस डॉर्सी तिच्या आयुष्यात आला. हा पूर्वी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूजचा पियानो वाजवी आणि मा रेनी या प्रसिद्ध गायिकेला साथ करी. पुढे तो चर्चकडे वळला, पण बोटांतला ब्लूज तसाच ठेवून. १९३२ च्या ऑगस्टमध्ये तो दुसऱ्या गावी असताना त्याची पत्नी बाळंतपणात गेली आणि पाठोपाठ मूलही गेले. त्या दुःखात त्याने जे गीत रचले ते ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’. थकलेला माणूस देवाला हात धरून घरी ने म्हणतो, एवढाच त्याचा आशय. गॉस्पेल संगीताला एखादे राष्ट्रगीत असेल तर ते हेच. डॉर्सी आपल्या गाण्यांचे छापील कागद दहा-दहा सेंटला विकी. विकण्यासाठी कुणीतरी ती गाऊन दाखवायला हवी. महेलिया रस्त्याच्या कोपऱ्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून ती गाई आणि डॉर्सी कागद विकी. १९३७ साली त्याने खास तिच्यासाठी ‘पीस इन द व्हॅली’ हे गाणे लिहिले. तेही स्वर्गाचेच. जिथे हिंस्र पशू गरीब होतात आणि दुःख उरत नाही अशी एक दरी. डॉर्सीच्या सांगण्याप्रमाणे, जगावर युद्धाची छाया पडत असताना आगगाडीच्या खिडकीतून एका दरीत शांतपणे चरणारी जनावरे पाहून त्याला ते सुचले. पुढे १९५१ साली रेड फोली या गोऱ्या गायकाने आणि १९५७ साली एल्व्हिस प्रेस्लीने ते गायिले आणि अफाट खपले. कृष्णवर्णीयांनी रचावे आणि गोऱ्यांच्या तबकड्यांनी पैसा मिळवावा, हा अमेरिकन संगीताचा जुना रिवाज इथेही चुकला नाही.

त्याच १९३७ साली, २१ मे रोजी, डेक्का कंपनीने महेलियाचे पहिले ध्वनिमुद्रण केले. चार गाणी. त्यांतल्या एकाचे नावच देव सगळे अश्रू पुसील अशा अर्थाचे. तबकड्या विशेष खपल्या नाहीत. कंपनीने सुचवले, ब्लूज गा. तिने नकार दिला आणि संबंध तिथेच संपला.

घरातही हाच झगडा चालू होता. १९३६ मध्ये तिने आयझॅक हॉकनहल याच्याशी लग्न केले. तो रसायनशास्त्र शिकलेला, पण मंदीच्या काळात नोकरी नाही आणि घोड्यांच्या शर्यतीचा नाद. एवढा आवाज चर्चमध्ये फुकट घालवणे त्याला पटेना. त्याच्या आग्रहाने ती ‘स्विंग मिकाडो’ या संगीतिकेच्या निवडीसाठी गेली आणि निवडलीही गेली. घरी येते तो नवऱ्याने सांगितले की आपल्याला नोकरी लागली. तिने त्याच क्षणी संगीतिकेचे काम सोडले. लग्नही पुढे टिकले नाही. तिने केशभूषेचे शिक्षण घेऊन स्वतःचे दुकान काढले, फुलांचे दुकान काढले. गाण्यावर पोट चालत नव्हते तेव्हाही आणि चालू लागल्यावरही ही बाई व्यवहारात पक्की होती. कार्यक्रमाचे पैसे रोख आणि गाण्याआधी, असा तिचा नियम होता. संयोजकांनी फसवल्याचे अनुभव गाठीशी होते, त्यातून तो आलेला.

१९४६ साली न्यू यॉर्कच्या अपोलो या लहान कंपनीने तिच्याशी करार केला. पहिल्या तबकड्या पडल्या. कंपनी करार मोडण्याच्या विचारात होती. अशा वेळी १२ सप्टेंबर १९४७ रोजी तिने ‘मूव्ह ऑन अप अ लिटल हायर’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले.

या गाण्याविषयी थोडे सविस्तर सांगणे जरूर आहे. त्याचा कर्ता मेम्फिस शहरातील ईस्ट ट्रिग बॅप्टिस्ट चर्चचा पाळक हर्बर्ट ब्रूस्टर. वरवर पाहता गाणे साधे आहे. माणूस मेल्यावर स्वर्गात पोहोचतो आणि तिथे थांबत नाही, थोडे आणखी वर, थोडे आणखी वर असा चढत जातो. वाटेत बायबलातील थोर माणसे भेटतात, आपली माणसे भेटतात. तिथे भेटीगाठी आहेत, निरोप घेणे नाही. पण ब्रूस्टरने स्वतः पुढे सांगितले की हे गाणे लिहिताना त्याच्या मनात केवळ परलोक नव्हता. कृष्णवर्णीय माणसाने शिक्षणात, व्यवसायात, नागरिक म्हणून आणखी वर सरकावे असेही त्याला म्हणायचे होते. दक्षिणेतल्या गावात भर सभेत हे उघड बोलण्याची सोय नव्हती, स्वर्गाचे नाव घेऊन बोलता येत होते. गुलामांच्या गाण्यातले ते दोन स्वर्ग असे शंभर वर्षांनी पुन्हा भेटले.

त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावत. हे गाणे सहा मिनिटांच्या आसपास. म्हणून ते दोन भागांत, तबकडीच्या दोन बाजूंवर घेतले. म्हणजे ऐकणाऱ्याने मध्येच उठावे, सुई उचलावी, तबकडी उलटावी आणि पुढच्या चढणीला लागावे! साथीला पियानो आणि ऑर्गन, दुसरे काही नाही. महेलिया सुरुवातीला जवळजवळ बोलल्यासारखी गाते. मग एकच ओळ पुनःपुन्हा घेते, प्रत्येक वेळी जोर निराळ्या शब्दावर. दुसऱ्या बाजूला येईपर्यंत आवाज असा उघडतो की त्या जुन्या यंत्राला तो पेलवत नाहीसे वाटते. स्वराला ती सरळ जाऊन भिडत नाही. खालून घसरत येते, क्वचित मुद्दाम थोडी अलीकडे थांबते. श्वास शब्दाच्या मध्येच घेते. शास्त्राच्या दृष्टीने हे दोष. पण तिच्या बाबतीत शास्त्र मागे राहिले.

तबकडी १९४८ च्या आरंभी बाजारात आली. शिकागोतच पहिल्या काही आठवड्यांत तिच्या पन्नास हजार प्रती गेल्या आणि एकूण खप लाखांच्या घरात पोहोचला. दुकानदारांना साठा पुरेना. गॉस्पेलच्या कुठल्याच तबकडीला तोवर असा खप लाभला नव्हता. न्हाव्याच्या दुकानात, खानावळीत, कपडे धुणाऱ्या बायकांच्या घरात ती वाजू लागली. शिकागोच्या रेडिओवर स्टड्स टर्केल याने ती गोऱ्या श्रोत्यांना ऐकवली. मग ‘इव्हन मी’, ‘जस्ट ओव्हर द हिल’, ‘इन द अपर रूम’ अशी एकामागून एक गाणी आली. ‘जस्ट ओव्हर द हिल’ हेही ब्रूस्टरचे आणि तेही पलीकडच्या देशाचे. फ्रान्समधल्या शार्ल क्रो अकादमीने तिच्या तबकडीला पारितोषिक दिले आणि युरोपची दारे उघडली.

मिल्ड्रेड फॉल्स या पियानोवादिकेचे नाव इथेच घ्यायला हवे. महेलिया छापील स्वरलिपी वाचीत नसे, ऐन गाण्यात मनाला येईल तसा ठेका बदली, ओळ लांबवी. त्या प्रत्येक वळणावर मिल्ड्रेड बरोबर हजर असे. वीस वर्षांच्या या साथीवाचून महेलियाचे गाणे तसे उभे राहिले असते असे मला वाटत नाही. आणि या साथीदारणीला महेलियाने पैसे मात्र फार थोडे दिले. थोर व्यक्तींच्या चरित्रात अशा गोष्टी गाळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मिल्ड्रेड गरिबीत वारली हे सांगितल्याने महेलियाचा आवाज काही लहान होत नाही.

१९५० च्या ऑक्टोबरमध्ये न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गॉस्पेल गायनाचा कार्यक्रम झाला आणि त्यात महेलिया प्रमुख होती. जिथे कारुसो गायिला तिथे आपण काय गाणार, म्हणून ती आधी कचरत होती. सभागृह भरून लोक रंगमंचावरही बसले आणि कितीतरी परत गेले. पुढल्या वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये संगीतज्ञांच्या एका परिषदेत तिला बोलावले. विद्वानांनी तिच्या गाण्याचे मूळ आफ्रिकेत की आणखी कुठे, यावर खल केला. तिच्या दृष्टीने उत्तर एकच, ते चर्चमधून आले.

१९५४ मध्ये ती कोलंबिया या बड्या कंपनीकडे गेली आणि त्याच वर्षी शिकागोहून तिचा स्वतःचा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला. कोलंबियाकडच्या आरंभीच्या गाण्यांत ‘अ रस्टी ओल्ड हेलो’ हे गमतीदार गाणे आहे. पृथ्वीवर कंजूषपणा करणाऱ्या श्रीमंताला स्वर्गात गंजलेले प्रभामंडळ आणि जुनेपाने पंख मिळतात! पण कोलंबियाच्या पुष्कळ तबकड्यांत व्हायोलिनांचे ताफे आणि गोड वृंदगायन घालून तिचा आवाज पातळ केला आहे. पैसा आला, कीर्ती आली, यंत्रे सुधारली, आणि तरी अपोलोच्या खरखरत्या तबकड्यांतली महेलिया मला अधिक खरी वाटते. अपवाद म्हणून १९५८ च्या न्यूपोर्ट महोत्सवाचे नाव घेईन. तिथे मध्यरात्रीच्या सुमारास ती जॅझच्या श्रोत्यांपुढे गायिली. ‘जॅझ ऑन अ समर्स डे’ या चित्रपटात त्याचा काही भाग आहे. तिथे ती स्वर्गभर जोडे घालून फिरण्याचे जुने गुलामांचे गाणे गाते. जोडे या साध्या वस्तूसाठी स्वर्गाची वाट पाहावी लागणारी माणसे कोण होती, हे त्या हसऱ्या गाण्यात दडलेले आहे. १९५९ च्या ‘इमिटेशन ऑफ लाइफ’ या चित्रपटात अंत्ययात्रेच्या प्रसंगी ती ‘ट्रबल ऑफ द वर्ल्ड’ गाते. तो प्रसंग पाहून डोळे कोरडे ठेवणे कठीण.

परंतु ज्या देशात ती अशी गाजत होती त्या देशात तिला राहायला जागा मिळत नव्हती. दक्षिणेच्या दौऱ्यावर कृष्णवर्णीयांना हॉटेलात खोली नाही, खानावळीत जेवण नाही. म्हणून तिने झोपता येईल एवढी मोठी मोटार घेतली आणि शिधा बरोबर ठेवी. १९५६ मध्ये शिकागोच्या चॅटम या गोऱ्यांच्या वस्तीत तिने घर विकत घेतले. धमक्यांचे फोन आले, खिडक्यांतून गोळ्या झाडल्या गेल्या, पोलिसांचा पहारा बसला. ती तिथून हलली नाही. वस्तीतल्या गोऱ्यांनीच हळूहळू घरे विकली.

त्याच वर्षी तिची भेट रेव्हरंड ॲबरनॅथी आणि डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी झाली. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे बसमधील भेदभावाविरुद्ध बहिष्कार चालू होता. गांधीजींच्या मार्गाने चाललेल्या या लढ्यात लोक वर्षभर पायी कामावर जात होते. डिसेंबर १९५६ मध्ये महेलिया त्यांच्या मदतीसाठी माँटगोमेरीत गायिली. एरवी आधी पैसे मोजून घेणाऱ्या या बाईने या पायी चालणाऱ्यांकडून मानधन घेतले नाही. ज्या ॲबरनॅथींच्या घरी ती उतरली होती त्या घरावर थोड्याच दिवसांत बाँब पडला. पुढे डॉ. किंग खिन्न झाले की तिला फोन करीत आणि ती फोनवर गाऊन दाखवी.

१९६१ च्या जानेवारीत केनेडींच्या अधिकारग्रहणाच्या समारंभात ती गायिली. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये अडीच लाखांच्या समुदायापुढे डॉ. किंग यांच्या भाषणाआधी तिनेच दोन गाणी म्हटली. पहिले निंदा आणि अवहेलना सोसल्याचे जुने स्पिरिच्युअल, दुसरे ‘हाउ आय गॉट ओव्हर’. भाषण चालू असताना तिने मागून डॉ. किंग यांना स्वप्नाबद्दल सांगण्यास हाक दिली, असे जवळ उभे असलेल्यांनी नमूद केले आहे. लिहून आणलेले कागद बाजूला सारून त्यांनी त्या स्वप्नाचा भाग उत्स्फूर्तपणे सांगितला. तिच्या हाकेमुळेच तसे झाले असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण त्यांच्या चर्चमध्ये वक्ता आणि श्रोते यांचे नाते असेच असते. कीर्तनात मागचे टाळकरी बुवांना उचलून धरतात त्यातलाच तो प्रकार.

९ एप्रिल १९६८ रोजी अटलांटात डॉ. किंग यांच्या अंत्यविधीला ती ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ गायिली. हे त्यांचे आवडते गाणे होते.

या सुमारास तिची प्रकृती ढासळलेली होती. १९६४ पासून हृदयविकार मागे लागला होता. त्याच वर्षी केलेले दुसरे लग्नही तीन वर्षांत मोडले. तरी दौरे थांबले नाहीत. १९७१ मध्ये ती जपानला गेली, आणि अमेरिकन सरकारच्या वतीने भारतातही आली. कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि मुंबई येथे तिचे कार्यक्रम झाले आणि तिकिटे पाहता पाहता संपली. दिल्लीत पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी तिचे गाणे ऐकले. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. तिचे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही. पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याकडे आपले तरुण डोळे लावून बसले असताना त्या लढ्याचा आवाज मुंबईत प्रत्यक्ष येऊन गेला होता, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्याच वर्षी जर्मनीच्या दौऱ्यात तिला पुन्हा हृदयविकाराने गाठले आणि तिचे गाणे थांबले. २७ जानेवारी १९७२ रोजी शिकागोजवळच्या एव्हरग्रीन पार्क येथील रुग्णालयात ती वारली. वय साठ. ज्या ग्रेटर सेलम चर्चमध्ये तिने सोळाव्या वर्षी तुतारीचे गाणे म्हटले होते तिथे तिचे पार्थिव ठेवले होते. पन्नास हजार माणसे रांगेने दर्शन घेऊन गेली. अंत्यविधी हजारोंच्या उपस्थितीत मोठ्या सभागृहात झाला. डॉ. किंग यांच्या पत्नी कोरेटा उपस्थित होत्या. अरेथा फ्रँकलिन हिने ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ म्हटले. अरेथाच्या वडिलांच्या घरी महेलियाचे येणे-जाणे असे आणि अरेथा लहानपणापासून तिला ऐकत आली होती. मग शवपेटी न्यू ऑर्लिन्सला नेली. तिथे पुन्हा दर्शनाच्या रांगा लागल्या, आणि शहराबाहेर मेटरी येथील प्रॉव्हिडन्स स्मशानभूमीत तिला पुरण्यात आले.

‘मूव्ह ऑन अप अ लिटल हायर’ ही अपोलोची तबकडी २००५ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करावयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली. दोन्ही बाजू आता मध्ये न थांबता सलग ऐकता येतात.